अमेरिकेत डॉक्टर व्हायचंय, मग कॉलेजला मेजर कुठला घ्यायचा?

हायस्कूलचं शेवटचं वर्ष आलं की अमेरिकेतल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलीला डॉक्टर व्हायचंय, मग कॉलेजला बायोलॉजीच घ्यायला हवी ना? आणि त्याच आठवड्यात पुण्या-नाशकाहून आजीचा फोन, की तिकडे नीटसारखी परीक्षा नसते का गं, बारावी तर झाली, मग मेडिकलची अ‍ॅडमिशन कधी. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत, कारण आपल्या पिढीच्या डोक्यात बारावी सायन्स, पीसीबी ग्रुप, मेरिट लिस्ट हा रस्ता इतका पक्का बसलाय की दुसरा कुठला रस्ता असू शकतो हे पटकन पटतच नाही. पण या एका समजापायी मुलं नको तो मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, घेऊन बसतात, मार्क घालवतात आणि कधीकधी डॉक्टर व्हायची इच्छाच घालवून बसतात, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी सांगाडा बघू. भारतात बारावीनंतर नीट द्यायची, सीट मिळाली की साडेचार वर्षं एमबीबीएस आणि वर, एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे अठराव्या वर्षी मूल मेडिकल कॉलेजात. अमेरिकेत अठराव्या वर्षी मूल नुसतं कॉलेजात जातं, तिथे चार वर्षं बॅचलर्स, मग चार वर्षं मेडिकल स्कूल ज्यातून एमडी नाहीतर डीओ डिग्री मिळते (दोन्ही डॉक्टरकीच्याच), आणि मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं त्या-त्या शाखेचं प्रशिक्षण, जी फॅमिली मेडिसिनला तीन वर्षं तर न्यूरोसर्जरीला सात. यातली पहिली चार वर्षं कुठल्या विषयात करायची याला मेडिकल स्कूलचं बंधन नाही. इतिहास चालतो, संगीत चालतं, मॅथ्स चालतं, बायोलॉजी तर चालतेच. 'प्री-मेड' हा बहुतेक कॉलेजांत मेजर नसतोच, मी मेडिकलला अप्लाय करणार आहे आणि त्यासाठी लागणारे कोर्स घेतेय, एवढाच त्याचा अर्थ.

ही पद्धत आली कुठून? जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल १८९३ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यांनी आधी बॅचलर्स डिग्री आणा अशी अट घातली, त्या काळात ही फार कडक अट होती. मग १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरचा रिपोर्ट आला. हा माणूस स्वतः डॉक्टर नव्हता, शिक्षक होता, त्याने अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल स्कूल पाहिली आणि बऱ्याच ठिकाणी फी भरली की डिग्री असा धंदा चाललाय हे उघड लिहिलं. मेडिकलला यायच्या आधी मुलाला केमिस्ट्री, फिजिक्स, बायोलॉजी कॉलेजात शिकवलेली हवी हा त्याचा आग्रह होता आणि आजची यादी बघितली तर शंभर वर्षांनंतरही ती बरीचशी तशीच आहे.

यादी अशी. लॅबसकट एक वर्ष बायोलॉजी, लॅबसकट एक वर्ष जनरल केमिस्ट्री, लॅबसकट ऑरगॅनिक केमिस्ट्री, लॅबसकट एक वर्ष फिजिक्स, एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, थोडं मॅथ्स ज्यात स्टॅटिस्टिक्स असलेलं उत्तम, इंग्लिश किंवा लिखाणाचे एक-दोन कोर्स, आणि एमकॅटसाठी, म्हणजे मेडिकल स्कूलच्या प्रवेश परीक्षेसाठी, एकेक कोर्स सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा. प्रत्येक स्कूलची यादी थोडी वेगळी असते, काहींनी तर पक्की यादी काढूनच टाकलीय. एएएमसी म्हणजे मेडिकल कॉलेजांची जी संघटना आहे तिचा एमएसएआर नावाचा ऑनलाइन डेटाबेस आहे, त्यात प्रत्येक स्कूलला काय लागतं ते बघता येतं. शेजारच्या काकूंच्या मुलाने काय घेतलं होतं यापेक्षा तिथे बघा.

आता जरा क्रेडिटचा हिशेब करू, क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं माप. चार वर्षांची डिग्री साधारण १२० क्रेडिटची. वरची सगळी यादी मिळून पन्नासच्या आसपास क्रेडिट होतात, त्यातही इंग्लिश, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी हे कोर्स बहुतेक कॉलेजांत सगळ्यांनाच घ्यायच्या जनरल एज्युकेशनमध्ये धरले जातात. म्हणजे सत्तरेक क्रेडिट मोकळे उरतात. इतिहास किंवा इकॉनॉमिक्सचा मेजर तेवढ्यात आरामात बसतो. बायोलॉजी मेजरचा फायदा एवढाच की त्याचे आणि प्री-मेडचे कोर्स एकमेकांत मिसळतात त्यामुळे वेळापत्रक सोपं होतं, आणि हा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाहीये. पण तो सोयीचा फायदा झाला, अ‍ॅडमिशनच्या वेळी बायोलॉजीला कुणी जादा गुण देत नाही.

खरं घोडं पेंड खातं ते जीपीएपाशी, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या चारपैकी काढलेल्या सरासरीपाशी. मेडिकल स्कूलला दाखल होणाऱ्या मुलांचा सरासरी जीपीए गेली काही वर्षं ३.७५ च्या वर आहे, आणि सरासरी एमकॅट ५११-५१२ च्या आसपास. ३.७५ म्हणजे काय ते एका उदाहरणाने बघा. समजा पहिल्या वर्षी मुलीने ३० क्रेडिट घेतले, २६ क्रेडिटमध्ये ए आणि चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत सी. ए चे चार, सी चे दोन, म्हणजे १०४ अधिक ८, भागिले ३०, उत्तर ३.७३. एक सी आणि वर्षभराचा ए चा ढीग सरासरीच्या खाली आला. बरं, कॉलेज म्हणतं कोर्स पुन्हा घे, नवा ग्रेड जुन्याच्या जागी धरू. कॉलेजच्या कागदावर ते होतंही. पण एमडीचे अर्ज ज्या एमकास सिस्टिममधून जातात ती दोन्ही ग्रेड मोजते, जुना सी पण आणि नवा ए पण. त्यामुळे वरच्याच हिशेबात तो कोर्स पुन्हा करून ए मिळवला तर १२८ भागिले ३४, म्हणजे ३.७६. एक अख्खा कोर्स, लॅबसकट, पुन्हा करून हातात काय आलं, तर तीन शतांश. हे गणित कॉलेज सुरू व्हायच्या आधी मुलांसमोर एकदा कागदावर मांडा, खरंच मांडा, कारण तिसऱ्या वर्षी कळून उपयोग होत नाही.

एमकास आणखी एक गोष्ट करतं, बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स एवढ्यांचा वेगळा जीपीए काढतं, त्याला सायन्स जीपीए म्हणतात. इथे मेजरचा संबंध येतो. न्यूरोसायन्सचे कोर्स बायोलॉजीत धरतात, स्टॅटिस्टिक्स मॅथ्समध्ये धरतात, सायकॉलॉजीचे मात्र यात येत नाहीत. म्हणजे सायकॉलॉजी मेजर असलेल्या मुलाच्या सायन्स जीपीएमध्ये मोजके बारा-चौदा कोर्सच असतात, एखादा बिघडला की तो लगेच दिसतो, आणि बायोलॉजीवाल्याकडे सुधारायला पुढचे दहा कोर्स असतात. उलट बायोलॉजीवाल्याला तेच दहा कोर्स दुसऱ्या तीनशे प्री-मेड मुलांशी कर्व्हवर, म्हणजे एकमेकांच्या तुलनेत ठरणाऱ्या ग्रेडसाठी, झुंजत काढायचे असतात. कुठलं बरं हे मुलावर अवलंबून आहे, याचं एकच उत्तर कुणी देत असेल तर त्याच्यावर फार विसंबू नका.

एमकॅटचं काय मग, बायोलॉजी मेजर न घेता ती परीक्षा कशी जमेल? ही भीती मी सगळ्यात जास्त ऐकते. एमकॅट २०१५ पासून नव्या स्वरूपात आहे, चार भाग, २३० प्रश्न, ब्रेक धरून साडेसात तास बसायचं, स्कोअर ४७२ ते ५२८. त्यातल्या बायोलॉजीच्या भागात साधारण ६५ टक्के प्रश्न पहिल्या वर्षाच्या बायोलॉजीचे आणि २५ टक्के बायोकेमिस्ट्रीचे असतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाची इम्युनोलॉजी, इकॉलॉजी, मरीन बायोलॉजी जी बायोलॉजी मेजरला घ्यावी लागते तिचा इथे थेट उपयोग फारसा नाही. सायकॉलॉजीच्या भागात ६५ टक्के सायकॉलॉजी आणि ३० टक्के सोशिऑलॉजी, तीही सुरुवातीच्या कोर्सातली. आणि कार्स नावाचा जो वाचनाचा भाग आहे त्यात सायन्स शून्य. ५३ प्रश्न, ९० मिनिटं, तत्त्वज्ञान, कला, समाजशास्त्र असल्या विषयांवरचे उतारे आणि लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते ओळखायचं. आपली मुलं सायन्सच्या भागांत चांगले मार्क काढतात आणि इथे अडकतात असं मी पुन्हा पुन्हा बघितलंय, कारण चार वर्षांत त्यांनी टेक्स्टबुक सोडून लांब असं काही वाचलेलंच नसतं, आणि हा भाग दोन महिन्यांच्या क्लासने सुधरत नाही, त्याला वाचनाची सवयच लागते. इतिहास, फिलॉसॉफी, इंग्लिश करणाऱ्या मुलांचं रोजचं कामच ते असतं.

एएएमसी दरवर्षी आकडे काढते, कुठल्या मेजरचे किती अर्ज आले आणि किती घेतले. अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायोलॉजी गटातले असतात. आणि निवड होण्याचं प्रमाण बघितलं तर ह्युमॅनिटीजवाले बायोलॉजीवाल्यांपेक्षा थोडे वरच असतात. आता यावरून कुणी लगेच मुलीला इतिहास घ्यायला लावू नका हं. ह्युमॅनिटीजमधून मेडिकलला अर्ज करणारी मुलं मुळात थोडी असतात, आणि जी करतात ती विचार करून, तयारीने करतात, हौशे-गवशे त्यात कमी. आकड्यांवरून एवढंच सिद्ध होतं की सायन्स सोडून दुसरं घेतलं म्हणून दार बंद होत नाही.

उदाहरण हवं असेल तर आपल्या अगदी जवळचं आहे. डॉ. अतुल गावंडे, बोस्टनचे सर्जन, त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, आणि आई-वडील दोघंही डॉक्टर. म्हणजे घरात डॉक्टरीचं वातावरण पुरेपूर. पण त्यांनी स्टॅनफर्डला बायोलॉजीच्या जोडीला पोलिटिकल सायन्स घेतलं, मग ऑक्सफर्डला जाऊन फिलॉसॉफी-पॉलिटिक्स-इकॉनॉमिक्स केलं आणि मग हार्वर्डला मेडिकल. पुढे त्यांनी ऑपरेशन थिएटरमधल्या चेकलिस्टपासून सार्वजनिक आरोग्याच्या धोरणापर्यंत जे काम केलं ते बघितलं की ती वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? दुसरे हॅरल्ड व्हार्मस. अ‍ॅमहर्स्टला इंग्लिश, हार्वर्डला इंग्लिशमध्येच मास्टर्स, मग कोलंबियाला मेडिकल, आणि १९८९ मध्ये कॅन्सरच्या जीन्सवरच्या संशोधनाला नोबेल. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने तर १९८७ पासून ह्युमॅनिटीजच्या मुलांना कॉलेजात असतानाच, एमकॅटशिवाय सीट द्यायचा कार्यक्रम चालवला, ती मुलं पुढे मेडिकलमध्ये कमी पडली नाहीत असं त्यांनी स्वतःच अभ्यास करून छापलं.

मग इंजिनिअरिंग? हा खास आपल्या घरांतला पर्याय, बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेऊ, डॉक्टर झाला तर झाला, नाही तर नोकरी आहेच. विचार वाईट नाही. पण इंजिनिअरिंगला मोकळे कोर्स फार कमी असतात, ऑरगॅनिक आणि बायोलॉजी बऱ्याचदा वरून घ्यावी लागते, आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये बी मिळाला तर मेडिकलची कमिटी कठीण विषय होता म्हणून थोडंफार समजून घेईल पण ३.४ ला ३.८ समजणार नाही. मुलाला मशिनं, सर्किट, डिझाइन यातच जीव रमत असेल तर जरूर घ्या, तो तिथे ए काढेल. पण फक्त 'सेफ' म्हणून घेत असाल तर माझ्या मते हा त्यातल्या त्यात धोक्याचा पर्याय आहे. नर्सिंगबद्दलही विचारतात, तर नर्सिंगच्या केमिस्ट्री-बायोलॉजीचे कोर्स अनेक मेडिकल स्कूल धरत नाहीत, मग सगळं परत करावं लागतं, हे आधी तपासा.

माझं ठाम मत काय, ते आता सांगते. मेजर निवडताना स्वतःला एकच विचारायचं, मेडिकलला सीट मिळालीच नाही तर ही डिग्री हातात घेऊन मी काय करेन आणि त्यात मी खूश असेन का. हे कटू वाटेल पण आकडे बघा, २०२३-२४ ला एमडी स्कूलना साधारण ५२ हजार मुलांनी अर्ज केले आणि साधारण २३ हजार दाखल झाली. ही अर्ज करेपर्यंत टिकलेली मुलं, पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीतच ज्यांनी बेत बदलला ती यात नाहीतच. आणि बायोलॉजीच्या नुसत्या बॅचलर्सवर मिळणाऱ्या नोकऱ्या बहुतेक लॅब टेक्निशियनच्या, पगार बेताचा. ज्या मुलाला पेशंट, शरीर, पेशी यांचं खरंच वेड आहे त्याने बायोलॉजी घ्यावी, आनंदाने घ्यावी. पण ज्याला आकडे आवडतात त्याने स्टॅटिस्टिक्स घ्यावं, जिला समाज आवडतो तिने पब्लिक हेल्थ किंवा सोशिऑलॉजी घ्यावी. आवडीच्या विषयात मार्क चांगले पडतात, प्रोफेसर ओळखतात, त्यातून शिफारसपत्रं मनापासूनची येतात, आणि इंटरव्ह्यूला 'हा विषय का घेतलास' विचारलं की मूल भरभरून बोलतं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीने इतिहास घेतला तेव्हा घरात बरंच वाजलं होतं. तिने पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक आणि बायोलॉजी, तिसऱ्या वर्षी फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री असं वाटून घेतलं, दर सेमिस्टरला लॅबवाले कोर्स दोनच्या वर कधी नाही, बाकी सगळा इतिहास. प्रबंध लिहिला मुंबईच्या १८९६ च्या प्लेगवर, त्यासाठी आजोबांकडून जुन्या मराठीतली कात्रणं समजून घेतली, सक्तीने लोकांना घराबाहेर काढून तपासणं काय असतं, लोक डॉक्टरला का घाबरतात, हे ती इंटरव्ह्यूत अर्धा तास सांगत बसली. कॉलेज झाल्यावर एक वर्ष थांबली, दवाखान्यात स्क्राइब म्हणून काम केलं, म्हणजे डॉक्टर तपासत असताना नोंदी टाइप करायच्या, आणि मग मेडिकलला गेली. ते एक वर्ष घरच्यांना फार लागलं होतं, पण आता मेडिकलला जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं मध्ये एखादं तरी वर्ष थांबूनच जातात, त्यात कमीपणा नाही. आणि ज्यांनी कॉलेजात सायन्स घेतलंच नाही आणि नंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं त्यांच्यासाठी ब्रिन मार, गाउचर, कोलंबिया अशा ठिकाणी पोस्ट-बॅक, म्हणजे बॅचलर्सनंतरचे, कोर्स आहेत, जिथे फक्त ही सायन्सची यादी पूर्ण करून घेतात.

आता आपल्या घरांना जास्त लागू पडणारी गोष्ट, व्हिसा. मूल एच-फोरवर, म्हणजे आई किंवा बाबांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असेल तर २१ पूर्ण झाल्यावर तो टिकत नाही, एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग केवढी आहे ते सगळ्यांना माहीत आहे. अनेक मेडिकल स्कूल, विशेषतः राज्य सरकारांची, सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. जी इतरांना घेतात त्यातली काही चार वर्षांचे पैसे आधी दाखवा म्हणतात, आणि फेडरल लोन मिळत नाही. अशा मुलाने मेजर निवडताना दुसरी वाट जास्त गंभीरपणे धरावी, कॉम्प्युटर सायन्स, डेटा, बायोस्टॅटिस्टिक्स अशी, ज्यावर नोकरी आणि व्हिसा दोन्ही उभं राहू शकतं. ग्रीन कार्ड आलं तर मेडिकलचे कोर्स झालेले आहेतच. हे मुलाशी सोळाव्या-सतराव्या वर्षीच मोकळेपणाने बोला, एकविसाव्या वर्षी कळलं तर फार लागतं त्यांना.

पैशांचंही मेजरइतकंच बघा. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे बॅचलर्सनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल लोन बंद, मेडिकलसाठी फेडरल लोन वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. म्हणून बॅचलर्सवर कर्ज होईल अशा महागड्या नावापेक्षा स्कॉलरशिप देणारं राज्याचं कॉलेज बरं पडू शकतं. राहता ते राज्यही महत्त्वाचं, टेक्सासमध्ये सरकारी मेडिकल स्कूलच्या ९० टक्के सीट कायद्यानेच तिथल्या रहिवाशांच्या.

हायस्कूलमधूनच मेडिकलची सीट पक्की करणारे बीएस-एमडी कार्यक्रमही आहेत, ब्राउनचा आठ वर्षांचा, कॅन्ससिटीच्या यूएमकेसीचा सहा वर्षांचा. सीट अगदी थोड्या. मिळाली तर उत्तम, पण त्याच्या नादात सतरा वर्षांच्या मुलाचं सगळं हायस्कूल जाळू नका.

राहिलं पहिल्या सेमिस्टरचं. बहुतेक कॉलेजांत मेजर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर करायचा असतो, म्हणजे घाई नाही. ऑगस्टमध्ये रजिस्ट्रेशनला जनरल केमिस्ट्री लॅबसकट, एक मॅथ्स किंवा स्टॅटिस्टिक्स, एक लिखाणाचा कोर्स, आणि एक असा विषय ज्याचं नाव वाचून मूल स्वतःहून थांबलं. एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे, क्रेडिट असले तरी केमिस्ट्री-बायोलॉजी लगेच वगळू नका, काही मेडिकल स्कूल एपी धरत नाहीत किंवा त्याच्या बदल्यात वरचा कोर्स मागतात. लॅब दुपारचे तीन-चार तास खाते, त्यामुळे बायोलॉजी पण त्याच सेमिस्टरला घ्यायची का हे ठरवायच्या आधी आठवड्याचं वेळापत्रक कागदावर आखा. कॉलेजचा प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायझर असतो, पहिल्या महिन्यातच मुलाने स्वतः त्याची अपॉइंटमेंट घ्यावी, आई-बाबांनी ईमेल करू नये.